तिसऱ्या खांबाजवळ

ललिताबाईने बसायच्या बोऱ्याची घडी गुडघ्याखाली दाबली, सुतळी दोनदा फिरवली आणि गाठ मारली. गाठ चांगली घट्ट बसली होती. तरी तिने ती सोडून पुन्हा मारली. तेवढा वेळ मान खाली ठेवता आली.

“तिसऱ्या खांबाजवळ टाकजो,” ती म्हणाली. “बायांच्या बाजूनं, दोराले लागून.”

“तिथं तं ट्यूबलाइट राहते, आई. सारी डोळ्यावर येते.” पंचफुला वेणीचं टोक हातात धरून उभी होती. “समोर बसलं का पेटीवाला बी दिसते.”

“उजेडात बरं राहते. एकटी पोरगी. आजूबाजूले कोण बसलं ते दिसते.”

हे वाक्य ललिताबाईने सकाळपासून मनात तीनदा म्हणून पाहिलं होतं. तोंडातून निघालं तेव्हा ते खरंच एखाद्या काळजीवाल्या आईचं वाटलं. फुलाच्या ध्यानात त्यातला एकच शब्द राहिला.

“एकटी,” ती म्हणाली आणि हसली. लिमलेटची गोळी या गालातून त्या गालात फिरवावी तसा तो शब्द ती कालपासून फिरवत होती.

मोहटोला तलावाच्या पाळेने पाऊण कोसावर होता. दिवाळी सरली की त्या अंगाची गावं एकेक दिवस वाटून घेत. आज याची मंडई, परवा त्याची. दिवसा बाजार, पाहुणे, आणि रात्री नाटक, ते पार सूर्य उगवेपर्यंत. फुला दरवर्षी जायची, पण कोणाच्या तरी पदराला धरून. त्या पदराला दुसऱ्या अंकात डुलकी लागायची आणि मग उठा, चला. सोळा वर्षांच्या पोरीने आजवर एकाही नाटकाचा शेवट पाहिला नव्हता. पुढे काय झालं ते तिला दुसऱ्या दिवशी विहिरीवर कळायचं, तेही तीन बायांकडून तीन तऱ्हांचं.

म्हणून आज तिने सांगायच्या आधीच पाणी भरलं होतं, शेण काढलं होतं, आणि बापाच्या रात्रीच्या भाकरी फडक्यात बांधून ठेवल्या होत्या. बाप, जागेश्वर, उशिरा पिकणाऱ्या भारी धानाच्या राखणीला शेतावर, बांधीत जाणार होता.

“तू काहून नाही येत, आई? खरं सांग.”

“म्हैस व्याची आहे.”

म्हशीला अजून महिना अवकाश होता. फुला गोठ्यात गेली, म्हशीच्या पोटावरून हात फिरवून आली.

“मग मीच थांबतो. तू एकटीनं कसं करशीन रातच्याले?”

“जाय म्हनलं ना!” ललिताबाई ओरडली. इतकं ओरडायचं नव्हतं. मग आवाज उतरवून म्हणाली, “साडी नेस. ते पिवळी, आत्यानं देली ते.”

“साडी? नाटकात कोण पाहाते मले?”

“थंडी राहते. साडीनं अंग झाकते.”

फुलाने साडी नेसली. निऱ्या ललिताबाईने घातल्या, खाली बसून, दातात पिन धरून. पिन तोंडात असली की बोलावं लागत नाही. दिवस कलता कलता पोरगी बोरा काखेत मारून निघाली. मोहटोल्याला जाणाऱ्या बाया पुढे चालल्या होत्या. ती मुद्दाम दहा पावलं मागे राहिली. एकटी जाते आहे ते सगळ्यांना दिसायला नको का. पाळेवर चढल्यावर तिने वळून हात केला. ललिताबाईनेही केला. मग तो हात कुठे ठेवावा ते तिला बराच वेळ कळलं नाही.

उन्हाळ्यात एक पाहुणे येऊन गेले होते. फुलाने चहा आणला, ताट खाली ठेवलं. “काय शिकते?” असं पोराच्या मामाने विचारलं तेव्हा नीट उत्तर दिलं, आणि मग पोराकडे पाहून तितक्याच नीटपणे विचारलं, “अन् तुम्ही?” पोरगा सातवीत दोनदा बसून उठला होता. पाहुण्यांनी चहासुद्धा पुरता घेतला नाही. जागेश्वर आठ दिवस लेकीशी बोलला नाही, आणि लेक आठ दिवस जेवली नाही. नवव्या दिवशी ललिताबाईने फुलाच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतं, “मॅट्रिक होतवर तुले पाहाले घरी कोणी येनार नाही. माहा शब्द आहे.” त्या रात्री पोरगी चार भाकरी जेवली.

मग भाऊबीज आली आणि भाऊबीजेला नणंद आली. बेबीबाई वाईट नव्हती. भावाच्या घरच्या दोन बाळंतपणांत तिनेच हात भाजून शेक दिले होते. तिने पवनीकडचं स्थळ आणलं होतं. तलावाखालची जमीन, एकुलता पोरगा, सुपारीचंही व्यसन नाही.

“मी शब्द देला आहे तिले,” ललिताबाई म्हणाली होती. “घरी कोणी येनार नाही म्हून.”

“मग घरी कोण बोलावून राहिलं? नाटकाले पाठव. थे लोक मोहटोल्याले येऊनच राहिले आहेत मंडईले. आपल्या जागी बसतीन, आपल्या डोळ्यानं पाहतीन. तुहा शब्द कुठं मोडला, वैनी?” बेबीबाईने पान तोंडात घातलं. “अन् खरं सांगू? चहाचं ताट आलं का पोरगी पुतळा होते. नाटकात हसते, रडते. तवा खरी दिसते.”

“अठरा वर्षांचा कायदा आला म्हनतेत, बाई.”

“कायदा भंडाऱ्याले राहते. इथवर एसटी धड येत नाही, कायदा कसा येईन?”

ललिताबाईला हसू आलं होतं. ते हसू आलं नसतं तर बरं झालं असतं, असं तिला नंतर वाटलं. कारण हसता हसता ती ‘पाहू’ म्हणाली, आणि दिवेलागणीपर्यंत त्या ‘पाहू’चं ‘हो’ झालं. शब्द मोडायचा नव्हता. थोडा वाकवायचा होता, इतकंच. पोरीला कळणारही नाही, आणि कधी नव्हे ते पोटभर नाटक पाहायला मिळेल. दोघींचंही भलंच. असा हिशेब जुळला की माणसाने ओळखावं, कुठेतरी चुकलं आहे. पण ललिताबाईची शाळा चौथीतच सुटली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुला आली तेव्हा उन्हं अंगणात उतरली होती. केसांत तणस अडकलेलं, घसा बसलेला, साडीचा पार बोळा झालेला. बोरा ओसरीवर टाकून ती आईच्या समोर मांडी घालून बसली.

“आई, मी शेवट पाह्यला!”

“हाव?”

“सारा! पडदा पडेपर्यंत. अन् ते मरतच नाही, आई! विहिरीवरच्या बाया दरवर्षी सांगतेत ना, शेवटी हिरोईन मरते म्हून? काही नाही मरत. घर सोडून जाते. कपड्याची पेटी घेऊन. सारे रडतेत अन् ते मागं पाहात बी नाही.” तिने श्वास घेतला. “अन् इन्स्पेक्टरची मिशी निघाली. त्यानं हातानं दाबून धरली अन् तशीच हिरोले बेडी लावली, एका हातानं. मांगून सांगनारा तं एवढ्या जोरानं बोलत होता का लोकं त्यालेच म्हनत, बाबू, तूच ये बाहेर!”

ललिताबाई तांदूळ पाखडत होती. सूप हलत राहिलं.

“झोप नाही लागली?”

“कशी लागन? अन् माह्याजवळ एक मावशी बसली होती. पवनीकडची. तिचा बोरा आधीच टाकलेला होता खांबाजवळ. मले थंडी वाजून राहिली होती तं तिनं अर्धी चादर देली. चिवडा देला. इतकी चांगली बाई, आई! अंक संपला का विचारे, कोणाची वं तू, कितवीत, मोठेपनी काय करशीन.”

सूप थांबलं. “मग? तू काय सांगतलं?”

“सारं सांगतलं. दहावी झाली का मास्तरणीचं शिकनार. तिनं विचारलं, तोवर घरचे थांबतीन? मी म्हनलं, माह्या आईनं शब्द देला आहे. ते म्हने, आया देतेत अन् मोडतेत. मी म्हनलं, तुमच्याकडच्या मोडत असतीन.” फुला हसली, बसलेल्या घशाचं हसू, अर्धं आवाजाचं, अर्धं हवेचं. “माह्या आईनं मले आज एकटी पाठवलं. भरोसा नसता तं पाठवलं असतं? असं म्हनलं मी तिले.”

“अन् मग?”

“मग चूप झाली ते. नाटक सुरू झालं असन.”

तिने तिथेच ओसरीच्या खांबाला डोकं टेकलं. ललिताबाईने तिला उठवून आतल्या खोलीत नेऊन निजवलं. केसांतलं तणस एकेक काढलं. सगळं निघालं, तरी ती केस चाचपत बसून राहिली.

दुपारी बंडी दारात थांबली. आधी बेबीबाई उतरली, मग एक ठेंगणी, पांढुरक्या केसांची बाई. बंडीशी एक तरुण पोरगा बैलांना चारा टाकत राहिला. बेबीबाईने ओठांवर बोट ठेवूनच अंगणात पाऊल टाकलं, जणू शब्द झोपलेला होता आणि तो जागा व्हायला नको होता.

“ह्या गोदावरीबाई,” ती कुजबुजली. “पोराची माय. मी म्हनलं, घरात नाही, अंगनातच बोलू.”

गोदावरीबाई अंगणातच उभी राहिली. खाट टाकली तरी बसली नाही.

“पोरगी चांगली आहे,” ती म्हणाली. “पन आमचं नाही जमत.”

“काहून?” बेबीबाईची कुजबूज तिथेच संपली. “काळी आहे? लंगडी आहे?”

“पोराले उंच पाहिजे.”

बेबीबाईने वळून बंडीकडे पाहिलं. पोरगा बैलाच्या वशिंडाला जेमतेम लागत होता.

“रातीतून वाढला का काय तुमचा पोरगा? काल तं मले म्हने, आत्याबाई, पसंत आहे!”

“तसंच समजा.”

“समजा कशाचं? मी त्यालेच विचारतो.” आणि ती तरातरा दाराबाहेर गेली.

अंगणात दोघी राहिल्या. गोदावरीबाईने आतल्या खोलीच्या दाराकडे मान केली.

“झोपली?”

“हाव.”

“पानी द्या थोडं.”

ललिताबाईने लोटा आणून दिला. गोदावरीबाई उभ्यानेच प्यायली. पदराने तोंड पुसलं. रागात नव्हती, रागात असती तर ऐकून घेणं सोपं गेलं असतं.

“मी सून पाहाले बसली होती, बाई. तुमच्या पोरीनं रातभर तिची आईच दाखवली मले.”

ललिताबाईने लोटा परत घेतला. तो रिकामा होता तरी दोन्ही हातांनी धरून राहिली.

“मले बी असंच पाह्यलं होतं,” गोदावरीबाई म्हणाली. “दंडार होती गावात. चवदाची असन मी. मामा म्हने, चाल, तुले दंडार दाखवतो. मले केवढा आनंद. हळद लागल्यावर समजलं का दंडार मले दाखवाले नव्हती. आता चांगलंच झालं सारं. मानूस चांगला भेटला, काही म्हनाचं नाही. पन त्या दंडारीत काय होतं, ते काही केल्या आठवत नाही मले. सोंगं कोनती होती, गानी कोनती होती. आठवाले गेलं का एवढंच येते, का कोन कुठून पाहून राह्यलं असन.”

बाहेरून बेबीबाईचा चढलेला आवाज येत होता, आणि मधून मधून पोराचा खालच्या पट्टीतला.

“तुमचा पोरगा...” ललिताबाईने कसंबसं म्हटलं.

“त्याचं होईन कुठं तरी. पोरगी माह्या घरात आली असती न, तं एक दिवस चूल फुंकता फुंकता तिनं माह्याकडं पाह्यलं असतं, अन् तिले तो खांब आठवला असता. त्या दिवशी मी कुठं तोंड लपवू?” गोदावरीबाईने पदर डोक्यावर ओढला. “पत्ता मागत होती माहा. पोस्टकारड टाकतो म्हने. मी नाही देला.”

ती निघून गेली. बंडीची चाकं कुरकुरली. बेबीबाई परत आली ती लाल होऊन.

“पोरगा म्हनते, मले पसंतच होती, मायच नाही म्हनते! रातभर बडबड केली असन तुह्या पोरीनं. तोंडाले कुलूप नाही, शिकाच्या गोष्टी केल्या असतीन. आता बिरादरीत होईन ना, पोरगी पाहून वापस गेले म्हून. तिचंच चुकलं.”

तिचं चुकलं नाही, असं ललिताबाईने म्हणायला हवं होतं. तीन शब्दांचं काम होतं. ती लोटा घासायला बसली. घासलेलाच होता.

फुला उठली तेव्हा अंगणात सावल्या लांबल्या होत्या. तिने तोंड धुतलं, सकाळचं राहिलेलं सूप पुढे ओढून तांदळातले खडे वेचायला घेतले. गुणगुणत होती. नाटकातलंच काहीतरी असावं. शब्द अर्धे होते, बाकी नुसता सूर.

“आई, आत्याबाई आली होती का? आवाज आल्यासारखा वाटला.”

“हाव. गेली.”

“मले उठवाचं होतं. तिची पवनीकडं पाहचान आहे ना? त्या मावशीचं गाव विचारून ठेव ना तिले. मी पुसलं तं मावशीनं सांगतलंच नाही. लाजली असन, वाचता येत नसन म्हून.” फुलाने एक खडा उचलून अंगणात भिरकावला. “मी कारड टाकतो. तिच्या गावात कोणी तरी वाचून दाखवन. चादरीचं तं लिहाले पाहिजे.”

विचारते म्हटलं की झालं असतं. बेबीबाईला माहीत नाही म्हणून सांगितलं असतं. चार दिवसांत कारड विसरलं गेलं असतं आणि चादर तेवढी राहिली असती, पोरीच्या आठवणीत, चांगली, उबदार. ललिताबाईला हे सगळं स्पष्ट दिसत होतं. आणखी एकदा, फक्त थोडंसं वाकवायचं होतं.

ती फुलाच्या समोर येऊन बसली.

“ते तुले पाहाले आली होती,” ती म्हणाली.

“कोन?”

“ते मावशी. गोदावरीबाई नाव तिचं. पोरासाठी आली होती.”

गुणगुण थांबली. बोटं तांदळात होती, तिथेच राहिली.

“अन् पोरगा?”

“दोराच्या पलीकडं, मानसांच्या बाजूनं होता.”

“केव्हापासून?”

“पयल्यापासून.”

फुलाने मान हलवली. शाळेत गणिताची एकेक पायरी कळत जावी आणि मास्तरांना दिसावं म्हणून हलवतात तशी.

“म्हून तो खांब?”

“हाव.”

“अन् साडी?”

“हाव. त्यायनं नाही म्हनलं, फुला. दुपारी येऊन सांगून गेली ते. तुहं काही चुकलं नाही. ते म्हने...” पण गोदावरीबाई काय म्हणाली ते तिला पोरीपुढे उच्चारता येईना.

आता पोरगी शब्दाचं काढेल, म्हणून ती वाट पाहत राहिली. घरी तर कोणी आलं नाही, हे उत्तर तिच्या जिभेवर तयार होतं, आणि ते तयार आहे याचीच तिला शरम वाटत होती. पण फुलाने शब्दाचं काढलं नाही. लग्नाचंही काढलं नाही.

“म्हंजे मी एकटी नव्हतीच,” ती म्हणाली.

ललिताबाईने पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं.

“ते घर सोडून जाते ना शेवटी, पेटी घेऊन... तवा मी रडली होती. खूप. मले वाटलं, कोणी पाहून नाही राह्यलं.” तिने हाताच्या पाठीने नाक पुसलं, आताचं नव्हे, कालचंच पुसावं तसं. “त्यायनं पाह्यलं असन.”

गोठ्यात म्हैस हंबरली. कोणीतरी उठून तिच्यापुढे चारा टाकायला हवा होता. दोघींपैकी कोणी उठलं नाही. ललिताबाईने हात पुढे केला, पोरीच्या डोक्यापर्यंत नेला, आणि ठेवला नाही. त्या हाताने एकदा शब्द दिला होता. तो सुपातल्या तांदळावर ठेवला आणि तीही खडे वेचू लागली. दोघी एकाच सुपात वेचत होत्या; बोटं एकमेकींना लागत नव्हती.

“परवा सालईटोल्याची मंडई आहे,” काही वेळाने ललिताबाई म्हणाली. “तिथं बी नाटक आहे. दुसरं. तू जाय. समोर बस, पेटीजवळ. पाहिजे तिथं बस.”

फुलाने वर पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता. जेवायला किती जण आहेत, हे विचारावं तितक्या साधेपणाने तिने विचारलं,

“कोन येनार आहे?”

“कोनी नाही.”

खरं होतं ते. सालईटोल्याला खरोखरच कोणी येणार नव्हतं. पण खरं सांगताना आवाज कसा लावायचा असतो, हेच ललिताबाईला आठवेना. तिने पुन्हा म्हणून पाहिलं, “कोनी नाही, फुला.” मग आणखी एकदा, जरा हळू. फुलाने मान डोलावली, आईचं मन राखावं म्हणून डोलावतात तशी, आणि सूप थोडं स्वतःकडे ओढून घेतलं.